स्क्रीनकडे बघायचं नाही

"आधी माउस काढा," काकू म्हणाल्या.

चिमणीने माउस टेबलाच्या कडेला सरकवला.

"बाजूला नाही. मागून वायर काढ आणि ड्रॉवरमध्ये टाक. समोर असला की हात तिकडे जातोच."

चिमणी हसली. तिच्यामागे हाताची घडी घालून उभा असलेला भोंगाही हसला. चिमणी म्हणजे लॅबच्या काउंटरवर बसणारी मुलगी. बोलणं अखंड चालू, म्हणून चिमणी. भोंगा म्हणजे आतल्या खोलीत रक्त तपासणाऱ्या यंत्रांवर काम करणारा तंत्रज्ञ. त्याने नुसतं 'काय म्हणता' विचारलं तरी समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूस 'बरं आहे' म्हणायचा, अशी त्याची ख्याती. दुपारी पेशंट नसताना हा वर्ग भरायचा. लॅबच्या मालकीण डॉक्टरबाईंनी फर्मानच काढलं होतं, की रिपोर्ट टाइप करणाऱ्या काकूंसारखं झपाट्याने काम सगळ्यांना आलं पाहिजे.

"एफ टू दाबलं की नवा रिपोर्ट उघडतो. पेशंटचा नंबर टाकायचा, एंटर. टॅब म्हणजे पुढचा रकाना, शिफ्ट धरून टॅब म्हणजे मागचा. साखरेच्या रिपोर्टात पहिला रकाना उपाशीपोटीचा, दुसरा जेवणानंतरचा. आकडा, टॅब, आकडा, कंट्रोल एस, कंट्रोल पी. संपलं."

"आणि मध्येच काहीतरी खिडकी उघडली तर?"

"एस्केप."

"न वाचताच?"

"वाचत बसलीस तर तिथेच बसशील. जाहिरात असते, नाहीतर अमुक करू का तमुक करू का. एस्केप दाबायचं आणि पुढे जायचं."

चिमणीने करून बघितलं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. "पण काकू, आपण नेमके कुठल्या रकान्यात आहोत ते बघायला नको?"

"स्क्रीनकडे बघायचं नाही," काकू ठासून म्हणाल्या. "बघितलंस की वेग गेला. बोटं मोजतात बरोबर."

"ही बाई झोपेतसुद्धा रिपोर्ट काढेल," भोंगा आपल्या समजुतीने हळू आवाजात म्हणाला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या दोन पेशंटांनी वळून बघितलं.

काकूही हसल्या. हसताना त्यांनी चिमणीच्या कानाकडे बघितलं, कारण कानाकडे बघितलं की चेहरा थोडाफार दिसायचा. चेहऱ्याकडे बघितलं तर तिथे राखाडी डाग होता.

काकूंना स्क्रीन दिसत नव्हती, ही सगळ्या गोष्टीतली गोम. माउसचा बाण तर केव्हाचाच हरवला होता. कडेचं सगळं दिसायचं: दार, खुर्ची, येणारा माणूस, रस्त्यावरची सायकल. म्हणून त्या चालायच्या नीट, पायऱ्या उतरायच्या नीट, कुणाला संशय यावा असं काहीच नव्हतं. फक्त जिथे बघायचं तिथेच दिसत नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याचा मधला भाग झिजतोय, यावर औषध नाही, ऑपरेशन नाही, पण पूर्ण अंधार होणार नाही. ते शेवटचं वाक्य त्यांनी अशा थाटात सांगितलं, जसं काही घरी जाताना पेढे वाटावेत. काकूंनी मान डोलावली होती आणि बाहेर येऊन दारावरची पाटी वाचायचा प्रयत्न केला होता.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. आई त्याआधी घर एकहाती चालवायची, आणि मग एका ऋतूत बघता बघता घरातल्या एका कोपऱ्यात जाऊन बसली, ती तिथेच म्हातारी झाली. कुणी वाईट वागलं नाही तिच्याशी. वेळेवर ताट मिळायचं, अंघोळीला पाणी मिळायचं. पण तिला कुणी काही विचारायचं नाही. आईचं मत काय, आईला काय वाटतं, हे विचारायची घराची सवयच मोडली. काकूंना अंधाराची तितकी भीती नव्हती. त्यांना त्या कोपऱ्याची भीती होती. लॅबमधली खुर्ची होती तोवर आपण माणूस आहोत, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं, आणि ती खुर्ची सुटू नये म्हणून त्या हात धुऊन शॉर्टकटच्या मागे लागल्या होत्या.

शिकल्या त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मुलीने कधीकाळी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, त्याचं पुस्तक आणि एक बिघडलेला कीबोर्ड माळ्यावर पडला होता. मुलगी लग्न होऊन लांब गेली, या दोन वस्तू राहिल्या. काकूंनी कीबोर्ड पुसून टेबलावर ठेवला. तो कशालाच जोडलेला नव्हता. नवऱ्याला त्यांनी समोर बसवलं.

नवरा शिंपी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण पँटची उंची कमी कर, चेन बदल, असली कामं घरी यायची. अख्ख्या आळीचे काका. शिवणाच्या मशीनखेरीज कुठल्या यंत्राला त्यांनी आपणहून हात लावला नव्हता.

"वाचा ना."

"वाचतोय. कंट्रोल अधिक एक्स. कापणे." काकांनी चष्मा वर केला. "हे बरंय. कापायचं म्हणजे कात्री नको, काही नको. पुढे कंट्रोल अधिक व्ही, चिकटवणे. अगं, शिवणं कुठेच नाही का यात? नुसतं चिकटवून कसं टिकेल?"

"तुम्ही पुढचं वाचा हो."

"आल्ट अधिक एफ फोर. बंद करणे. काय बंद करणे ते दिलेलं नाही."

काकू बोटांनी कळा चाचपायच्या. एफ आणि जे या दोन कळांवर बारीकसा उंचवटा असतो, तिथून बाकी सगळ्यांचा पत्ता लागतो. एस्केप डाव्या कोपऱ्यात, एकटी, सगळ्यांत सोपी. काका म्हणायचे, काकू दाबायच्या, चुकलं की काकांना कळायचं नाही आणि बरोबर आलं तरी कळायचं नाही. तरीही ते दर वेळी "शाब्बास" म्हणायचे.

"एवढं कशाला करतेस पण?" त्यांनी एकदा विचारलं.

"काम भरभर होतं."

"आहे त्या वेगाचे पैसे तेवढेच ना?"

काकू पुढची कळ चाचपायला लागल्या. काकांनी पुन्हा विचारलं नाही. पूर्वी सुईत दोरा काकू ओवून द्यायच्या. ते काम काकांनी कधीतरी गुपचूप स्वतःकडे घेतलं. कात्री आता कुठेही पडलेली नसायची, ठरलेल्या खिळ्यालाच असायची. काकूंच्या हे लक्षात आलं होतं. काकांच्या काय लक्षात आलंय तेही त्यांच्या लक्षात आलं होतं. पण दोघांनी तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं की ते खरं होणार होतं.

लॅबमधली कामाची पद्धत अशी होती की काकूंचं निभावून गेलं. आतून भोंगा यंत्रावरचे आकडे ओरडून सांगायचा आणि बाहेर ते कॉम्प्युटरवर चढवायचे. ही जुनी रीत. दोघांनी दोन ठिकाणी लिहिण्यापेक्षा एकाने ओरडलेलं बरं, असं डॉक्टरबाईंच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. "पेशंट तीनशे बारा! उपाशी शहाण्णव! जेवणानंतर एकशे अडतीस!" की काकूंची बोटं धावली. वाचायचं काहीच नव्हतं. रिपोर्ट छापून बाहेर पडायचा, खाली डॉक्टरबाईंची सही आपोआप उमटलेली असायची. ऐकायचं आणि मोजायचं. पूर्वी माउसने करताना जेवढा वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात काम उरकायला लागलं. भोंग्याचा घसा बसायला लागला तरी काकूंची बोटं थांबेनात.

डॉक्टरबाईंच्या नजरेत हे आलं आणि त्यांनी तोंडात बोट घातलं. "या वयात तुम्ही हे शिकलात? आणि आमच्या मुली अजून माउस घेऊन फरफटतायत." त्यांनी वर्ग घ्यायला सांगितलं. काकूंनी आढेवेढे घेतले. मला कुठे शिकवता येतं, म्हणाल्या. पण फार नाही म्हटलं तर का नाही, असा प्रश्न आला असता. आणि खरं सांगायचं तर त्यांना हवंही होतं. कौतुक कुणाला नको असतं? कितीतरी महिने त्या रोज सकाळी पाचावर धारण बसलेल्या मनाने लॅबची पायरी चढत होत्या. आज कळेल, आज पकडले जाऊ. आता त्याच लॅबमध्ये लोक त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांच्या हातांकडे बघत होते. त्या दुपारी त्यांच्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी होत्या. चिमणी तर पंधरवड्यात तयार झाली. डोळे मिटून करून दाखवायची. "बघा काकू, बघा!" म्हणायची, आणि काकू तिच्या कानाकडे बघून "वा" म्हणायच्या.

बाटल्यांच्या कारखान्यातल्या कामगारांची साखर तपासायचं मोठं काम आलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी पूर्वीसारखी बाहेरून जादा माणसं बोलावलीच नाहीत. "माझ्याकडे काकू आहेत," त्या कारखान्याच्या साहेबांना फोनवर म्हणाल्या. हे काकूंनी ऐकलं आणि दिवसभर त्यांच्या पायांना जमीन लागली नाही.

कारखान्याच्या कामाच्या सकाळी काकूंनी आपला कॉम्प्युटर चालू केला, नेहमीच्या कळा दाबल्या, आणि टुण्णकन आवाज आला. खिडकी उघडल्याचा आवाज. काकूंनी एस्केप दाबलं. पलीकडच्या कॉम्प्युटरवरही तसाच टुण्णकन आवाज आला, आणि पाठोपाठ चिमणीच्या एस्केपचा टक. काकूंना बरं वाटलं. पोरगी शिकली.

मग आतून भोंगा सुरू झाला. विषम नंबर काकूंकडे, सम नंबर चिमणीकडे. आकडा, टॅब, आकडा, कंट्रोल एस, कंट्रोल पी. प्रिंटरला दम खायला वेळ नव्हता. दोघींचा ठेका जुळला होता, दोघी माना वर न करता बडवत होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं काम उरकलं, रिपोर्टांचे गठ्ठे बांधले, कारखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी सगळ्यांना थंड सरबत पाजलं. भोंग्याने आपला पेला काकूंच्या पेल्यावर आपटला आणि कुजबुजत्या आवाजात, म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा, "काकूंचा विजय असो" म्हणाला.

त्या टुण्णकन वाजलेल्या खिडकीत लिहिलं होतं, की प्रोग्राम सुधारला आहे. साखरेच्या रिपोर्टात आता सगळ्यांत आधी 'कोणत्याही वेळची साखर' असा नवा रकाना आला आहे, तरी कृपया नोंद घ्यावी. नोंद कुणीच घेतली नाही. उपाशीपोटीचा आकडा त्या नव्या रकान्यात गेला, आणि जेवणानंतरचा आकडा उपाशीपोटीच्या रकान्यात. जेवणानंतर एकशे अडतीस असणं म्हणजे माणूस धडधाकट. उपाशीपोटी एकशे अडतीस म्हणजे मधुमेह. बाटल्यांचा अर्धाअधिक कारखाना त्या दिवशी संध्याकाळी मधुमेही होऊन घरी गेला.

ऐकायला हा विनोद वाटतो. कारखान्यातही सुरुवातीला हसलेच लोक. अरे तूही का, मीही, चला, बिनसाखरेचा चहा पिऊ. पण भट्टीवर काम करणारा एक कामगार होता, निवृत्तीला टेकलेला. त्याच्या भावाचा पाय साखरेने गेला होता. तो रिपोर्ट बघून इतका हबकला, की त्याच संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवून गोळ्या घेऊन आला. डॉक्टरने रिपोर्टावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? खाली सही होती. त्या माणसाने गोळ्या सुरू केल्या आणि जेवणही जवळजवळ सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे घरातल्या जिन्यावर त्याला चक्कर आली आणि तो गडगडत खालपर्यंत आला. खुब्याचं हाड मोडलं.

त्याचा मुलगा आधीच्या वर्षीचा आणि या वर्षीचा असे दोन्ही रिपोर्ट घेऊन लॅबमध्ये आला. त्याने आरडाओरडा केला नाही. दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "मला फक्त हे समजावून सांगा."

तासाभराने डॉक्टरबाईंनी काकूंना आणि चिमणीला केबिनमध्ये बोलावलं. भोंगा दाराशी येऊन उभा राहिला, त्याला कुणी हटकलं नाही. केबिनमध्ये फिनेलचा वास होता. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभ्या राहिल्या. तसं उभं राहिलं की डॉक्टरबाईंचा पांढरा कोट आणि चिमणीचा दुपट्टा दोन्ही डोळ्यांच्या कडेला येत होते.

"प्रोग्रामवाल्या कंपनीला फोन केला मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते म्हणतात, सूचना दिली होती. दोन्ही कॉम्प्युटरवर. दोन्हीकडे कुणीतरी ती बंद केली. सकाळी लॅब उघडून कॉम्प्युटर कोण चालू करतं?"

"मी," चिमणी म्हणाली. "पण त्या दिवशी काकूंचा त्यांनीच..."

"काकूंचं नाव घेऊ नकोस. त्या माणसाचा रिपोर्ट तुझ्या कॉम्प्युटरवरून निघालाय. मला खरं सांग, सूचना तू बंद केलीस?"

"हो."

"वाचली?"

"नाही."

"का?"

"काकूंनी सांगितलंय, खिडकी आली की एस्केप. वाचायचं नाही. स्क्रीनकडे बघायचं नाही. काकू, सांगा ना तुम्ही!"

डॉक्टरबाईंची खुर्ची काकूंच्या दिशेने वळल्याचा आवाज आला.

"काकू, असं शिकवलं होतं तुम्ही?"

या प्रश्नात सुटकेचं दार उघडं होतं आणि ते डॉक्टरबाईंनीच उघडं ठेवलं होतं. त्यांना 'नाही' ऐकायचं होतं. काकूंनी नुसतं म्हणायचं, अहो, असं कसं शिकवेन, पोरींनी आपल्या सोयीने अर्थ लावला. चिमणी गेली असती, खुर्ची राहिली असती. काकूंच्या ओठांपर्यंत ते शब्द आलेही. त्यांना कोपरा दिसत होता, आई दिसत होती, आणि आई मात्र अगदी स्पष्ट दिसत होती, मधोमध.

"त्यांचेही रिपोर्ट चुकलेच आहेत ना, डॉक्टर," दारातून भोंगा म्हणाला. इतक्या हळू त्याला बोलता येतं हे कुणाला माहीत नव्हतं.

"ते मला माहीत आहे. काकूंचं वय झालंय, त्या दिवशी कामाचा लोंढा होता, एखादी गोष्ट नजरेतून सुटते. पण हिचे तरुण डोळे आहेत. डोळ्यांसमोर नवा रकाना येतो आणि हिला दिसत नाही? मला कारखान्याला काहीतरी सांगायचंय. कुणीतरी जावं लागेल."

चिमणी रडायला लागली. रडताना तिचा आवाज अगदी लहान पोरीसारखा येत होता. नोकरी पक्की होऊन तिला महिनाही झाला नव्हता.

"मीच शिकवलंय," काकू म्हणाल्या. "शब्दन् शब्द."

"पण का? तुमच्यासारखी बाई..."

"मला दिसत नाही."

"म्हणजे?"

"मधलं दिसत नाही. स्क्रीन दिसत नाही, कागद दिसत नाही. तुमचा चेहरा दिसत नाही आत्ता. दीड वर्ष झालं असेल. म्हणून मी शॉर्टकट शिकले. कामाच्या वेगासाठी नाही."

डॉक्टरबाईंनी टेबलावरचा एक कागद उचलून काकूंच्या हातात दिला. अविश्वासाने नाही, हात आपोआप गेला असावा. काकूंनी तो कागद डोळ्यांसमोर धरला, मग मान वळवून कडेने बघितला, आणि टेबलाची कड चाचपून परत ठेवला.

"कशाचा आहे?" त्यांनी विचारलं.

तो त्या भट्टीवरच्या माणसाचा रिपोर्ट होता.

"मग आम्हाला कशाला शिकवलंत?" चिमणी एकदम ओरडली. तिचं रडणं थांबलं होतं. "मला दिसतं ना, काकू! मला चांगलं दिसतं! मी बघितलं असतं. मी आधी बघायचेच. तुम्ही सांगितलंत म्हणून सोडलं. तुम्हाला दिसत नव्हतं तर आम्हाला कशाला आंधळं केलंत?"

काकूंजवळ याचं उत्तर होतं. तुम्ही सगळे माझ्या मागे उभे राहून 'वा' म्हणायचात, ते मला फार आवडायचं, हे उत्तर. असलं उत्तर तोंडातून कसं काढणार? त्या तशाच उभ्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, काकू, तुम्ही मला विश्वासात घ्यायला हवं होतं, काहीतरी मार्ग काढला असता. आणि पुढच्याच वाक्यात म्हणाल्या, की आता मात्र तुम्ही आराम करा, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. चिमणीची नोकरी राहिली. कारखान्याला सांगायला माणूस मिळाला होता.

घरी भोंग्याने पोचवलं. रस्ता काकूंना पाठ होता आणि दिसतही होता, पण त्याने कोपर धरलं आणि सोडलं नाही. "खड्डा आहे. वळायचंय. पायरी," असं तो आपल्या खऱ्या आवाजात सांगत होता आणि दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. दारात काकांनी दोघांना बघितलं. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. "ये," एवढंच म्हणाले.

मग काकांनी घर बदललं. जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, पायात येणारी स्टुलं माळ्यावर टाकली, चटईच्या कडा खिळ्यांनी ठोकल्या. खिडकीजवळ हातांची खुर्ची आणून ठेवली आणि त्यावर स्वतः शिवलेली गादी घातली. "इथे बस. उजेड चांगला आहे." काकू बसल्या. चहा त्यांच्या हातात यायला लागला. भाजी चिरायला घेतली की काका विळी काढून घ्यायचे, "राहू दे, मी आहे ना." त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणून रागावताही येत नव्हतं. आळीतले लोक कपडे घेऊन यायचे ते दारातूनच काकांना विचारायचे, "बऱ्या आहेत का?" आणि काका सांगायचे, "बरी आहे." खुर्ची दारापासून चार हातांवर होती. काकूंनी सुरुवातीला एकदोनदा खुर्चीतूनच "बरी आहे मी" म्हणून बघितलं. लोक दचकायचे, मग मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. पुढे काकूंनी ते सोडून दिलं.

भट्टीवरच्या त्या माणसाचं ऑपरेशन झालं होतं, हे त्यांना भोंग्याकडून कळलं होतं. तेव्हापासून त्या रोज एकदा काकांना म्हणायच्या, "आपण जाऊन येऊ या का त्यांच्याकडे?"

"जाऊ. जरा बरं होऊ दे त्यांना."

"मला माफी मागायचीय."

"मागशील गं. चालायला तर लागू देत."

थंडी पडली तेव्हा एका संध्याकाळी चिमणी आली. काकूंनी तिची चप्पल ओळखली. उजवा पाय किंचित घासत टाकायची. ती दारातच थांबली. काकूंना बोलायचं होतं. तुला दिसतं ते बघत जा बाई, कुणाचं ऐकू नकोस, माझं तर मुळीच नको, असं काहीतरी त्यांनी इतक्या दिवसांत जुळवून ठेवलं होतं. त्यांनी खिडकीकडे मान वळवली, म्हणजे चिमणी डोळ्यांच्या कडेला यावी. चिमणीला वाटलं, काकूंनी तोंड फिरवलं.

"काका, कशा आहेत त्या?" तिने हळूच विचारलं.

"बरी आहे. ये ना, आत ये. चहा टाकतो."

दोघं स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज झाला, गॅस पेटला.

"सांगायला आले होते," चिमणीचा आवाज आला. "ते गेले, काका. परवा. ऑपरेशननंतर न्यूमोनिया झाला होता. मुलगा लॅबमध्ये येऊन सांगून गेला."

"हळू," काका म्हणाले. "हळू बोल. तिला कळता कामा नये."

"नाही सांगणार. पण मला कुणाला तरी सांगायचं होतं. झोपच लागत नाही हो काका."

"मी तिला काय सांगू? रोज म्हणते, जाऊन येऊ."

"सांगा, गावी गेलेत म्हणून."

काका रडत होते की नाक ओढत होते ते भिंतीपलीकडून कळलं नाही. पण दोघंही आता कुजबुजत होती, आणि ती कुजबुज फार वेळ चालणार होती, आणि तिचा शब्दन् शब्द काकूंना ऐकू येत होता. त्या उठल्या. भिंतीवरून हात फिरवत बटणापर्यंत गेल्या आणि पंखा लावला. पंखा जुना होता. आधी घुटमळला, मग खडखडत फिरायला लागला. तरी आतलं ऐकू येत होतं. काकूंनी तो पूर्ण वेगावर नेला. मग परत येऊन खुर्चीत बसल्या आणि स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली.

चिमणी कधी गेली ते कळलं नाही. काका चहा घेऊन आले. खिडकी बंद, बाहेर काळोख पडत चाललेला, आणि वर पंखा गरगरत होता.

"अगं, एवढ्या थंडीत पंखा कशाला?"

"उकडतंय," काकू म्हणाल्या, आणि चहासाठी हात पुढे केला.